अडलेली बढती: बेळगावात बसून बेंगळुरूची प्रॉडक्ट मॅनेजरी

पार्श्वभूमी

बेंगळुरूची एक सॉफ्टवेअर कंपनी. लहान-मध्यम कारखान्यांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर विकते. तिथली एक प्रॉडक्ट मॅनेजर कोविडच्या काळात बेळगावला आली ती परत गेलीच नाही. घर टिळकवाडीत, सासरे आजारी, मुलगी शाळेत. कंपनीनेही आडकाठी केली नाही. अधूनमधून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठायचं, चार दिवस ऑफिसात काढायचे आणि परत यायचं, असा शिरस्ता पडला होता. ओळख पटू नये म्हणून इथे कुणाचीच नावं दिलेली नाहीत आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत.

‘मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे’ म्हटलं की बेळगावात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हाताखाली माणसं किती? एकही नाही. सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय बनवायचं, काय बनवायचं नाही आणि का, हे ठरवायचं. मग ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही अशा इंजिनिअर, डिझायनर, विक्री आणि सपोर्टच्या लोकांना ते पटवायचं, एवढंच हे काम. सेल्समनच्या बढतीला विक्रीचा आकडा असतो, इंजिनिअरच्या बढतीला कोड दाखवता येतो. इथे दाखवायचं काय, यावरच पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

तिच्या कंपनीतल्या पायऱ्या अशा: असोसिएट, प्रॉडक्ट मॅनेजर, सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर. त्यानंतर वाट फुटते. माणसं सांभाळायची असतील तर ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, एकट्याने अवघड प्रश्न हाताळायचे असतील तर प्रिन्सिपल. बढतीचा विचार एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होतो. मॅनेजर फाइल मांडतो, सगळ्या टीमचे मॅनेजर आणि एचआर एकत्र बसून फाइली एकमेकींशी ताडून बघतात. याला ते कॅलिब्रेशन म्हणतात. जिची फाइल असते ती त्या बैठकीत नसते.

अडचण

ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची फाइल सीनियरसाठी गेली आणि परत आली. शेरा होता: काम उत्तम, पण सीनियर पातळीचा पुरावा अपुरा.

तिला धक्का बसला, कारण ते वर्ष तिने अक्षरशः ओढून नेलं होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. २०२० मध्ये ही मर्यादा ५०० कोटींची होती. ती उतरत उतरत ५ कोटींवर आली आणि या कंपनीचा बहुतेक ग्राहक एका फटक्यात सक्तीच्या कक्षेत सापडला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या (धातू ओतणारे कारखाने), मच्छेतले मशिन शॉप (ओतलेले भाग कापून-घासून मापात आणणारे), निपाणीचे व्यापारी, सगळ्यांची बिलं त्या दिवसापासून सरकारी पोर्टलवर जाऊन नंबर घेऊन यायला हवी होती. ती आली. एकही ग्राहक अडला नाही. फाइलमध्ये तिने हे सगळं तारीखवार लिहिलं होतं, सोबत ई-वे बिलाचे (माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचे) बदल, नवे रिपोर्ट, सपोर्टला दिलेली ट्रेनिंग. वाचताना दम लागावा अशी यादी.

कॅलिब्रेशनमध्ये एका मॅनेजरने विचारलं ते असं: तारीख सरकारने ठरवली, फॉरमॅट सरकारने ठरवला, दंडाची भीती सरकारने घातली. मग या बाईंनी काय ठरवलं?

प्रश्न बोचरा आहे, पण चुकीचा नाही. कायद्यामुळे करावं लागणारं काम जिवावर उदार होऊन केलं तरी त्यात ‘दुसरा कुणी असता तर वेगळं केलं असतं’ अशी जागा फार थोडी दिसते. सीनियर पातळीवर नेमकी तीच जागा शोधली जाते. गंमत अशी की ती जागा तिच्या कामात होती. जुन्या डेस्कटॉप आवृत्तीला ई-इनव्हॉइस जोडायचंच नाही आणि त्या ग्राहकांना नव्या आवृत्तीवर आणायचं, हा निर्णय तिचा होता. विक्रीवाले त्यावर भडकले होते. तो चुकला असता तर बरेच ग्राहक गेले असते. फाइलमध्ये त्याची एक ओळही नव्हती, कारण तिच्या हिशेबी ते ‘काम’ नव्हतं, काम सुरू होण्याआधीचं भांडण होतं.

दुसरी अडचण अंतराची. बेंगळुरू जवळजवळ ५०० किलोमीटर. चहाच्या टेबलावर जे ठरतं ते तिला दुसऱ्या दिवशी कळायचं. तिच्या मॅनेजरला तिचं काम माहीत होतं, त्या बैठकीतल्या बाकीच्यांना फक्त तिचं नाव माहीत होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला, बेंगळुरूला परत जाणं. मॅनेजरने आडून सुचवलं होतं. घरची परिस्थिती बघता तिने तो लगेच बाजूला ठेवला, आणि मला वाटतं तो तसाही औषध नव्हता. समोर बसल्याने माणूस दिसतो, त्याचे निर्णय दिसतातच असं नाही.

दुसरा, नोकरी बदलणं. पुण्याच्या एका कंपनीने घरून काम आणि थेट सीनियरचं पद देऊ केलं, पगारही बराच जास्त. या पेशात अनेकजण अशीच पायरी चढतात आणि त्यात कमीपणा काही नाही. तिने तिथल्या लोकांशी बोलून घेतलं तेव्हा कळलं की पूर्ण कंपनीत ती एकटीच प्रॉडक्ट मॅनेजर असणार, आणि काय बनवायचं ते मालक ठरवणार. म्हणजे पाटी सीनियरची, काम असोसिएटचं. दोन वर्षांनी तिसरीकडे मुलाखत द्यायला गेली असती तर दाखवायला पुन्हा यादीच उरली असती.

ही ऑफर आपल्या मॅनेजरला दाखवावी का, यावर ती बरेच दिवस अडली. दाखवली नाही. धमकीसारखं वाटेल अशी भीती. माझं मत इथे वेगळं आहे. ‘मी नाकारली आहे, पण बाजारात माझी किंमत काय ते तुम्हाला माहीत असावं’ एवढं शांतपणे सांगता आलं असतं. बढती नंतर मिळाली तेव्हा पगाराच्या बोलणीत तिच्या हातात काहीच नव्हतं.

तिसरा पर्याय, हाताखाली एखादा असोसिएट मागून घेणं आणि ‘माणसं घडवते’ असं दाखवणं. तिच्या कंपनीत सीनियरसाठी ती अटच नव्हती, त्यामुळे त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

चौथा, तिथेच राहून असा एक प्रश्न हातात घेणं, जो कुणी दिलेला नाही आणि ज्याचं उत्तर सरकारी अधिसूचनेत सापडत नाही. तिने हा घेतला. पण त्याआधी एक गोष्ट केली आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातली सर्वांत मोलाची तीच. मॅनेजरसोबत बसून ‘सीनियर पातळीचा पुरावा म्हणजे नेमकं काय’ हे चार ओळींत लिहून घेतलं: प्रश्न स्वतः शोधलेला असावा, दोन तरी टीमना हलवावं लागलेलं असावं, काय केलं नाही हेही सांगता यावं, आणि परिणाम ग्राहकाच्या वागण्यात दिसावा. ते ईमेलवर पाठवलं आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर मिळवलं. एप्रिल २०२४ साठी फाइल पाठवायचीच नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. अर्धवट फाइल दुसऱ्यांदा परत आली की नावावर शिक्का बसतो.

काय केलं

प्रश्न तिला उद्यमबागेत सापडला. ई-इनव्हॉइसच्या वेळी ओळख झालेल्या एका फाउंड्रीवाल्या काकांकडे ती गेली होती. काकांनी सॉफ्टवेअरचं कौतुक केलं आणि टेबलाच्या खणातून लांबट वही काढली. “अगे, गेलेला माल कळतोय, आलेला पण कळतोय. मधे कुठं अडकलाय तेवढं सांग की तुझ्या कॉम्प्युटरला.”

बेळगावची कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, मशिनिंगला बाहेर जातात. काही शहरातच, काही शिनोळीला, काही कागल आणि कोल्हापूरकडे. शिनोळी गाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर, पण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. शहरातल्या शहरात जॉबवर्कला, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडून मजुरीवर करून घ्यायला, पाठवताना ई-वे बिलाला रकमेची मर्यादा लागू होते. राज्याची हद्द ओलांडून जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला ती मर्यादाच नाही. टेम्पोत पाच हजारांचे नग असले तरी ई-वे बिल लागतं. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं, आणि कर व्याजासकट भरावा लागतो. मशिनरीसारख्या भांडवली मालाला ही मुदत ३ वर्षांची आहे, आणि मोल्ड, डाय, जिग-फिक्स्चर यांना ती लागूच नाही. गेल्या-आल्या मालाचा हिशेब आयटीसी-०४ या विवरणात द्यायचा असतो. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नसेल तर वर्षातून एकदा.

हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. चलन (मालासोबत जाणारा कागद) निघत होतं, विवरण निघत होतं. मग वही कशाला? ती शिनोळीला आणि कागलला जाऊन मशिन शॉपच्या दारात उभी राहिली तेव्हा उलगडा झाला. फाउंड्री माल किलोत मोजते, मशिन शॉप नगात. समजा १०० नग गेले. ९२ चांगले परत आले. ८ नगांत मशिन चालवल्यावर ब्लो-होल निघाले. कास्टिंगच्या पोटातलं भोक वरून दिसत नाही, कापल्यावरच दिसतं. ते ८ नग दोन महिन्यांनी, दुसऱ्याच कुठल्या चलनाच्या मालाबरोबर, टेम्पोत रिकामी जागा होती म्हणून परत येतात आणि थेट भट्टीत जातात. कागदावर पहिलं चलन कायमचं उघडं राहतं. वजन म्हणाल तर तेही जुळत नाही, कारण बुरा, म्हणजे कापताना निघालेला धातूचा चुरा, मशिन शॉपमध्येच राहिलेला असतो. वही म्हणजे या गोंधळाचा माणसाने ठेवलेला ताळमेळ होता, आणि तो फक्त काकांच्या सुपरवायझरला वाचता यायचा.

इथून पुढे तिने निर्णय लिहायला सुरुवात केली. प्रत्येकाचं एक पान: प्रश्न काय, वाटा कोणत्या, कोणती घेतली, का, आणि काय घडलं तर मत बदलू. पान बैठकीच्या आधी सगळ्यांना जायचं. त्यातले तीन निर्णय सांगण्यासारखे आहेत.

एक, काय करायचं नाही. विक्रीच्या टीमला पूर्ण उत्पादन नियोजन हवं होतं: मशिनचे तास, शिफ्ट, सगळं. साखर कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा एक मोठा ग्राहक त्याच्यासाठी थांबला होता. तिने नाही म्हटलं आणि फक्त एक खातेवही बनवायचं ठरवलं: कोणाकडे, कुठल्या चलनाचे, किती नग आणि किती किलो, किती दिवस पडून आहेत. परत आलेला नग कुठल्याही चलनाला जोडता यावा, आणि ‘चांगला, खराब, बुरा’ असे तीन कप्पे असावेत. बस्स.

दोन, मशिन शॉपवाल्याचं काय. तो या सॉफ्टवेअरचा ग्राहक नाही, पण माल पोचला हे त्यानेच सांगायला हवं. लॉगिन न करता एका लिंकवर पोच देता यावी असं तिचं म्हणणं. सॉफ्टवेअरचा सामायिक पाया आणि परवानग्या सांभाळणाऱ्या प्लॅटफॉर्म टीमच्या प्रमुखांचा याला ठाम विरोध होता, आणि त्यांचं म्हणणंही रास्त होतं: बिना-लॉगिनची लिंक व्हॉट्सअॅपवर फिरत गेली की ग्राहकाचा माल आणि भाव कुणाच्याही हाती. दोन आठवडे खेचाखेच झाली. शेवटी लिंकवर फक्त त्या एका चलनातले नग दिसतील, भाव दिसणार नाहीत आणि ठरावीक दिवसांनी ती बंद पडेल, यावर दोघांचं जमलं. तिच्या मूळ कल्पनेपेक्षा हे चांगलं होतं.

तीन, पहिला प्रयोग फसला त्यानंतरचा. थोड्या कारखान्यांना दिलेल्या आवृत्तीत लिंक कुणी उघडेच ना. लिंक मालकाच्या मोबाइलवर जात होती. माल मात्र स्टोअरचा पोरगा उतरवून घ्यायचा, आणि त्याच्या हातात टेम्पोवाल्याने दिलेला कागद असायचा. मालकाला रोज आठवणीचे मेसेज पाठवा, असं सपोर्टचं मत पडलं. तिने मेसेज न वाढवता लिंकचा क्यूआर कोड थेट छापील चलनावर आणला. त्यानंतर पोच यायला लागली. कागलमध्ये आधी, शिनोळीत उशिरा.

यश म्हणून काय मोजायचं हेही तिने आधीच लिहून ठेवलं होतं: किती जणांनी फीचर ‘चालू’ केलं हे मोजायचं नाही, दुसऱ्या महिन्यात सपोर्टचा फोन न जाता किती जण स्वतः खातेवही उघडतात आणि दहा महिन्यांहून जुनी उघडी चलनं कमी होतात का, हे मोजायचं.

मध्येच, जून २०२४ मध्ये, तिच्या मॅनेजरने नोकरी सोडली. अशा वेळी तोंडी शब्द हवेत विरतो आणि बहुतेकांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. नवे मॅनेजर बाहेरून आलेले. त्यांना फाउंड्री म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तिने त्यांना तो जुना ईमेल आणि निर्णयांची पानं पाठवली, आणि आल्या आल्या बेळगावला बोलावलं. उद्यमबागेत भट्टी, मग शिनोळीतलं मशिन शॉप, दुपारी घरी जेवण. त्या एका दिवसाने बेंगळुरूच्या दहा व्हिडिओ कॉलांचं काम केलं.

निकाल

ऑक्टोबर २०२४ मध्ये बढती झाली. या वेळच्या फाइलमध्ये फीचरची यादी शेवटच्या पानावर गेली होती. आधी निर्णय, त्यातला फसलेला प्रयोग, आणि डेस्कटॉप आवृत्तीचं जुनं भांडणही. फाइलीत सर्वांत वजन पडलं ते प्लॅटफॉर्म प्रमुखांच्या अभिप्रायाचं. ज्यांनी विरोध केला त्यांनीच लिहिलं की यांच्यामुळे आमची परवानग्यांची रचना सुधारली. मित्रांच्या दहा गोड अभिप्रायांना ते वजन येत नाही.

पगार त्या पदाच्या ठरलेल्या पट्ट्यात वाढला, पुण्याच्या आकड्यापेक्षा कमी. साखर कारखान्यांचा तो मोठा पुरवठादार दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेला आणि विक्रीप्रमुख अजून ते बोलून दाखवतात. उघड्या जुन्या चलनांचं प्रमाण वापरणाऱ्या कारखान्यांत उतरलं. काकांचा सुपरवायझर वहीही ठेवतोच, विचारलं तर म्हणतो, “लाइट गेली तर?”

ई-इनव्हॉइसचं सगळं काम तिला नव्या असोसिएटकडे द्यावं लागलं. ते सोपं गेलं नाही. नियम बदलला की पहिला फोन अजून तिलाच येतो आणि तिने तो उचलला की असोसिएटची वाढ तिथेच थांबते, हे तिला कळतं, पण फोन ती उचलते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली फाइल जाण्याआधी कॅलिब्रेशनमध्ये बसणाऱ्या आणखी एका मॅनेजरने ती वाचायला हवी होती. ‘यात तुम्ही काय ठरवलं’ हा प्रश्न बैठकीत पहिल्यांदा येण्याऐवजी महिनाभर आधी आला असता आणि डेस्कटॉपचा निर्णय फाइलमध्ये आला असता. कदाचित २०२३ मध्येच काम झालं असतं. मला तसं वाटतं, तिला वाटत नाही. तिच्या मते एका निर्णयावर बैठक हलली नसती.

मोठ्या ग्राहकाला ‘नाही’ कळवण्याची पद्धत सुधारता आली असती. निर्णयाचं पान विक्रीप्रमुखांना इतरांसोबतच गेलं. त्यांच्या तिमाहीच्या आकड्याला धक्का बसणार होता, तर आधी एकट्यात बोलून मग पान पाठवायला हवं होतं. प्लॅटफॉर्म प्रमुखांबाबत तिने हे केलं, इथे नाही, आणि पुढच्या पायरीला हेच विक्रीप्रमुख कॅलिब्रेशनच्या खोलीत असतील.

मशिन शॉपच्या दारात ती सुरुवातीलाच गेली होती, पण माल कोण उतरवून घेतं हे तिने मालकाला विचारलं, बघितलं नाही. टेम्पो रिकामा होईपर्यंत थांबली असती तर क्यूआर पहिल्याच आवृत्तीत आला असता.

पुढच्या पायरीबद्दल तिने या वेळी वाट बघितली नाही. प्रॉडक्ट हेडना थेट विचारलं: ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजरची जागा आहे का? उत्तर सरळ मिळालं. कितीही चांगलं काम केलं तरी आज जागा नाही. जॉबवर्कचा धंदा फाउंड्रीच्या बाहेर वाढला आणि दुसरी टीम उभी राहिली तरच ती निघेल. सीनियरपर्यंतची बढती माणसाच्या कुवतीवर होते, त्यानंतरची कंपनीच्या गरजेवरही, हा फरक खूप जणांना दोन-तीन वर्षं घालवल्यावर कळतो.

म्हणून सध्या तिच्या फेऱ्या बेळगावातल्याच वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांकडे (यंत्रमाग चालवणाऱ्यांकडे) आणि इचलकरंजीकडे चालू आहेत. तिथेही माल दुसऱ्याचा आणि मजुरी आपली असाच व्यवहार: खर्चीवाल्याकडे, म्हणजे मजुरीवर विणणाऱ्याकडे, सूत किलोने येतं, कापड मीटरने परत जातं, मजुरी ‘पिका’वर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) ठरते, आणि घट किती धरायची यावर व्यापारी आणि मागवाला यांचं दर खेपेला वाजतं. नग आणि किलोची खातेवही या तीन मापांना पुरते का, की सगळं नव्याने मांडावं लागेल, याचं पान तिने लिहायला घेतलं आहे. या वेळी ते सर्वांत आधी विक्रीप्रमुखांकडे जाणार आहे.